आधी हात, मग मन

गणपतीच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या कारखान्यांतून दरवर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात आणि त्यातल्या प्रत्येकीचं रूप या शेवटच्या चार रेषांवर ठरतं. हात स्थिर लागतो, श्वास रोखावा लागतो. आता समजा, हमरापूरच्या अशा एखाद्या कारखान्यात वर्षानुवर्षं आखणी करणारी एक बाई आहे. काल्पनिकच, पण तिला जे होतंय ते कुठल्याही गावात सापडेल. रंग कालवलेला आहे, मूर्ती पुढ्यात आहे आणि हात उचलत नाही. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. सकाळ खायला उठते, संध्याकाळकडे जरा निवतं. जेवण मातीसारखं लागतं. मुलगी बारावी पास झाली, पेढे वाटले, तिला आत काहीच हललं नाही. नवरा म्हणतो, टेन्शन घेऊ नको. सासू म्हणते, नजर लागली, भगताकडे नेऊन आणू. ती स्वतः इतकंच म्हणते, "अंगात त्राण नाही."

हे तीव्र नैराश्य. याबद्दल वाचताना मला सगळ्यात चक्रावून टाकतं ते त्याचं दुःख नव्हे, त्याच्या उपायांची यादी. हा एकच आजार गोळीने उतरतो, विजेच्या झटक्याने उतरतो, चुंबकाने उतरतो, भूल द्यायच्या औषधाने उतरतो आणि दहावी शिकलेल्या शेजारणीशी सहा-आठ वेळा नीट बोलूनही उतरतो. मलेरिया काही गप्पांनी उतरत नाही. मग हा आजार आहे तरी कुठे?

आधी मोजमाप. डॉक्टर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दलची घृणा, चालण्या-बोलण्यातला मंदपणा, मरणाचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. पण बेरीज झाली म्हणून निदान झालं असं नाही. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं तरी माणूस असाच मिटतो, त्यामुळे रक्ताची तपासणी आधी. आणखी एक प्रश्न घरच्यांना विचारावाच लागतो: कधी याच्या उलट झालं होतं का? न झोपता दिवसच्या दिवस अचाट उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड? उत्तर 'हो' आलं तर तो द्विध्रुवी विकार असू शकतो आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला भिरकावला जाऊ शकतो.

गोळ्यांची कथा आपल्याच मुंबईच्या केईएम रुग्णालयातून जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. रुस्तुम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला: सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडींच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये दाखवलं, की रिसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. दोन आणि दोन चार झाले: साठा रिता म्हणजे नैराश्य. गंमत अशी, की त्याच १९५५ साली लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रिसर्पिन दिलं आणि त्यांना उलट बरं वाटलं. त्या लेखाकडे कुणी फारसं बघितलंच नाही. सोपी गोष्ट पसरली की तिला आवरणं कठीण.

दुसरीकडे न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड नावाचं औषध आजमावत होते. खंगलेले रुग्ण खाऊ लागले, हसू लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कुन यांनी स्किझोफ्रेनियासाठी आलेलं इमिप्रामिन आजमावलं, तिथे ते फसलं. १९५६ मध्ये उदास रुग्णांना दिलं, तर ते उठून बसले. म्हणजे क्षयाचं औषध आणि स्किझोफ्रेनियाचं फसलेलं औषध. नैराश्यावर गोळी शोधायची म्हणून यातलं काहीच सुरू झालं नव्हतं.

आजच्या फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम या गोळ्या त्याच वंशातल्या. सेरोटोनिन वाढवतात म्हणून त्या लागू पडतात, असं आपण ऐकत आलो. पण सेरोटोनिनची पातळी पहिल्या दिवशीच बदलते आणि माणसाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळात काय चालतं? ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं उत्तर मला फार आवडतं. औषधाच्या पहिल्या काही मात्रांतच माणूस समोरच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा अधिक टिपू लागतो. त्याला स्वतःला बरं वाटत नसतं, फरक कळतही नसतो. नजर आधी बदलते, आणि त्या बदललेल्या नजरेने आठवडाभर, महिनाभर जगल्यावर मन हलतं. हे पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण त्या रेंगाळलेल्या आठवड्यांना अर्थ देणारं आहे. 'सेरोटोनिन कमी पडलं' हे जुनं स्पष्टीकरण मात्र २०२२ मध्ये जोॲना मॉन्क्रिफ यांच्या गटाने सगळे पुरावे चाळले तेव्हा टिकलं नाही.

मग गोळी खोटी का? नाही. कारण चुकीचं निघालं म्हणून परिणाम पुसला जात नाही. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा, सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांचा एकत्र हिशेब आला. तपासलेली सगळी २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र माफक होता. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या गोळीने पुरते बरे झालेले साधारण एक तृतीयांश. पहिली गोळी लागू न पडणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे, हे रुग्णाला आधी सांगितलं तर कितीतरी लोक दुसरीपर्यंत टिकतील. मळमळ, झोपेत बदल, लैंगिक इच्छा मंदावणं हे त्रास होतात; तेही आधी सांगावं. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण त्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नसते.

झटक्यांविषयी सिनेमांनी आपल्या मनात जे भरवलंय ते सहज निघत नाही. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपाय प्रथम केला, तेव्हा तो खरंच भीषण दिसत असेल. आज भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, वीज काही सेकंद, मेंदूत झटका येतो आणि शरीर जेमतेम हलतं. भुलीशिवाय झटके द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदीच आहे. खाणं-पिणं सोडलेला, दगडासारखा झालेला, जीव द्यायच्या काठावर आलेला रुग्ण असेल तर इतका जलद आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. साधारण सहा ते बारा बैठका लागतात. किंमत द्यावी लागते ती स्मृतीत: त्या आठवड्यांतल्या, कधी त्याआधीच्याही काही आठवणी जातात. केटामाइन हे भुलीचं औषध काही तासांत अंधार फिकट करतं, हे येल विद्यापीठाच्या एका छोट्या चाचणीत २००० साली दिसलं, पण परिणाम लवकर ओसरतो. चुंबकाचे उपचार आठवड्यातून पाच दिवस, महिना-दीड महिना घ्यावे लागतात. त्यासाठी हमरापूरच्या बाईला रोज शहर गाठावं लागेल, म्हणजे मजुरी बुडवून.

मराठी सिनेमाने या आजाराला बरी वागणूक दिली ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'मध्ये. २०१६ च्या चित्रपटांतलं सुवर्णकमळ त्याला मिळालं. निर्मितीत डॉ. मोहन आगाशे होते, म्हणजे एक मनोविकारतज्ज्ञच. त्यातल्या नैराश्यात बुडालेल्या तरुणाला कुणी उपदेश करत नाही, एवढ्यासाठीही तो बघावा.

आता शेजारणीकडे येतो, पण तिच्या पद्धतीचं मूळ दूर आहे. अमेरिकेत नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये एक खोडकर प्रयोग केला. विचार बदलणारी नावाजलेली मानसोपचार पद्धत घेतली आणि ती सुटी केली. त्यातला विचारांचा भाग काढून टाकला, फक्त 'दिवसभरात काय करायचं' हा भाग ठेवला. निकाल तोच आला. पुढे २००६ मध्ये जेकबसन यांच्या सिॲटलच्या गटाने दाखवलं, की तीव्र नैराश्यात हा नुसता करण्याचा भाग गोळीच्या तोडीचा ठरतो. आपण समजतो, मन लागलं की माणूस कामाला लागेल. इथे उलटंच निघालं.

हे गोव्यात आणलं विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उभ्या केलेल्या 'संगाथ' या संस्थेने. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळ्यांचा पीएचक्यू-९ चा आकडा १४ च्या वर, म्हणजे गंभीर. समुपदेशक स्थानिक रहिवासी; मानसशास्त्राची पदवी कुणालाच लागत नव्हती. त्यांना प्रशिक्षण दिलं आणि सहा ते आठ बैठका घ्यायला सांगितलं, केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी. आमच्या हमरापूरच्या बाईशी ते बोलणं कसं होईल, कल्पना करू.

"ताई, काल उठल्यापासून काय काय केलंत, तासातासाने सांगा."

"काही नाही. पडून होते."

"पाणी कोणी भरलं?"

"पोरीने."

"उद्या एक हंडा तुम्ही भराल? एकच. आणि पडून राहण्यापेक्षा बरं वाटलं की वाईट, ते या कागदावर दहापैकी लिहायचं. बरं वाटलंच पाहिजे असं नाही."

पुढच्या आठवड्यात हंड्यासोबत जावेबरोबर ओट्यावर दहा मिनिटं. त्यानंतर कारखान्यात जायचं, पण डोळे आखायला नको. नुसता हात रंगवायचा. सावकार, दारू, मारहाण असं काही मागे असेल तर त्यावरही बोलणं होतं. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कर्ज मेंदूत नसतं.

तीन महिन्यांनी मोजलं. नेहमीचे उपचार आणि त्यांच्या जोडीला या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. या आकड्यांत न बरे झालेले ३६ टक्केही आहेत, ते विसरू नये. त्यांच्यासाठी गोळ्या, झटके, रुग्णालय हवंच. तीव्र नैराश्यात गोळी आणि बोलणं एकत्र दिलं तर एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना कसलाच उपचार मिळत नव्हता. त्यांच्यासाठी दहावी शिकलेली शेजारीण ही दुय्यम सोय म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार केली, तेव्हा उपचार घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

हमरापूरला पनवेल-रोहा मार्गावरचं स्टेशन आहे. पेणला उपजिल्हा रुग्णालय, अलिबागला जिल्हा रुग्णालय. मरणाचे विचार येत असतील तर गाडीची वाट न बघता १४४१६ हा टेलिमानस या हेल्पलाइनचा क्रमांक लावायचा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि अशा माणसाला एकटं सोडायचं नाही.

कुणाला कोणता उपाय लागू पडेल हे आधी कळेल का? एमरी विद्यापीठात हेलन मेबर्ग यांच्या गटाने २०१३ मध्ये मेंदूच्या छायाचित्रांत एक खूण पाहिली. इन्सुला नावाचा भाग मंद असेल तर बोलण्याच्या उपचाराने, तेज असेल तर गोळीने गुण येण्याकडे कल होता. असं यंत्र पेणच्या ओपीडीत येणं दूर आहे. तोवर डॉक्टर विचारतील ते नीट सांगायचं: पूर्वी कोणती गोळी मानवली होती, आईला किंवा भावाला कोणती लागू पडली, दिवस गेलेत का, दुसरी औषधं चालू आहेत का. चार ते सहा आठवड्यांनी तेच नऊ प्रश्न पुन्हा. आकडा निम्म्यावर आला असेल तर आहे ते चालू ठेवायचं. आला नसेल तर मात्रा वाढवायची, गोळी बदलायची किंवा बैठका जोडायच्या, आणि पुढची तारीख लिहून घेऊनच बाहेर पडायचं.