कुठवर आलास?

व्हिडिओ गेम खेळणारी दोन मुलं भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सध्या काय खेळतोयस?' त्याचं उत्तर मिळालं, की लगेच दुसरा, 'कुठवर आलास?' मग अर्धा-पाऊण तास त्यांचं जे बोलणं चालतं, ते घरातल्या मोठ्या माणसांच्या कानांवर पडतं, पण कळत काही नाही. एकजण कुठल्याशा 'बॉस'ला हरवता हरवता थकलेला असतो, दुसऱ्याला 'ग्राइंड'चा कंटाळा आलेला असतो, तिसरा 'पुढचं सांगू नकोस रे' म्हणून कानांवर हात ठेवतो. आपण म्हणतो, चाललाय पोरांचा टाइमपास.

मला या गप्पा कान देऊन ऐकण्यासारख्या वाटतात. मी या खेळांतला पट्टीचा खेळाडू नव्हे. माझं आयुष्य कविता लिहिण्यात आणि ऐकण्यात गेलं. दाद कशाला द्यावी, मत कशाला म्हणावं, हा माझ्या आवडीचा विषय. आणि या मुलांच्या गप्पांत मला समीक्षेचा एक जिवंत प्रकार दिसतो. तो कसा चालतो आणि कुठे बिघडतो, हे आज आपल्याला सांगायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा वेगळा मामला. त्यांना मनाई करणारा कायदा आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. खेळाच्या पार आहारी जाणं, हेही वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याला आजारांच्या यादीत जागा दिली. पालकांची काळजी खोटी नाही. पण त्या काळजीपोटी आपण मुलांचं सगळंच बोलणं ऐकायचं सोडून दिलं आहे.

आता मुद्द्यावर येऊ. सिनेमा तीन तासांत संपतो. बाहेर पडताना आपण म्हणतो, चांगला होता किंवा पैसे वाया गेले. खेळाचं तसं नसतं. एखादा मोठा खेळ पुरा करायला पन्नास तास लागतात, कधी शंभरही. कॉलेज आणि क्लास सांभाळून रोज तासभर खेळणाऱ्याला तो दोन-तीन महिने पुरतो. काही खेळांना तर शेवटच नसतो. त्यामुळे खेळाविषयीची बहुतेक मतं ही वाटेतली मतं असतात. बोलणारा अजून मुक्कामाला पोचलेला नसतो.

मुशायऱ्यात ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलून धरतात, पुन्हा म्हणायला लावतात. दुसरी ओळ अजून यायची असते. म्हणजे ती दाद अर्ध्या शेराला असते. तिच्यात कौतुक असतं, अंदाज असतो आणि थोडा दमही असतो, की बघू आता पुढे काय करतोस! दुसरी ओळ पडेल निघाली, तर तीच मंडळी गप्प बसतात. 'मघाशी वाहवा का केलीत?' असं त्यांना कुणी विचारत नाही. वाटेतलं मत बदलता येतं, हे मैफलीत सगळ्यांनी मान्य केलेलं असतं.

खेळाच्या मतात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे खेळणाऱ्याचा हात. कॅरमचा बोर्ड तोच, सोंगट्या त्याच, पण एकाला तो गुळगुळीत वाटतो आणि दुसऱ्याला स्ट्रायकर अडल्यासारखा वाटतो. 'हा खेळ फार अवघड आहे' असं म्हणणारा थोडंसं स्वतःविषयीही बोलत असतो. 'ग्राइंड' हा शब्द घ्या. त्याला मराठीत चक्क दळण म्हणता येईल. पुढे जाण्यासाठी लागणारी ताकद किंवा नाणी मिळवायला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागलं, की मुलं म्हणतात, 'फार ग्राइंड आहे.' 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा एक खेळ २०१६ मध्ये आला. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं चार वर्षांहून अधिक काळ खपून तो एकट्यानं बनवला. त्याची चित्रं आणि त्याचं संगीतही त्याचंच. आजोबांचं पडीक शेत नातवाच्या वाट्याला येतं, एवढीच गोष्ट. पेरायचं, पाणी घालायचं, कापणी करायची, गावातल्या माणसांशी ओळख वाढवायची. माझा भाचा हा खेळ दोन दिवसांत सोडून बसला. म्हणाला, "मामू, दळण आहे नुसतं." त्याची बहीण तोच खेळ वर्षभर खेळते आहे. ती म्हणते, "मामू, दिवसभर डोकं पिकल्यावर टोमॅटोला पाणी घालायला बरं वाटतं." मत दोघांचंही खरं आहे. एकाला जे दळण, ते दुसऱ्याला जात्यावरची ओवी!

अशी मतं ऐकताना बोलणारा किती चाललाय, हे कळणं फार गरजेचं असतं. संगणकावरच्या खेळांचं 'स्टीम' नावाचं एक मोठं ऑनलाइन दुकान आहे. २०१३ च्या अखेरीस तिथं खेळणाऱ्यांना अभिप्राय लिहायची सोय झाली. निकाल दोनच, अंगठा वर किंवा अंगठा खाली. पण त्या अभिप्रायाशेजारी एक आकडा असतो, या गृहस्थानं हा खेळ किती तास खेळलाय! मला ही युक्ती फार आवडते. तीनशे तास खेळून अंगठा खाली करणाऱ्याला लोक हसतात. पण त्याची तक्रार जुन्या संसारातल्या तक्रारीसारखी असते, ती आतून आलेली असते. दीड तास खेळलेल्याचं मत उंबरठ्यावरचं. तेही उपयोगी, कारण जून २०१५ पासून त्या दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. नवख्याला उंबरठ्यावरचीच माहिती हवी असते. आपल्याकडे पुस्तक परीक्षणाखाली 'परीक्षकाने वाचलेली पाने' असा आकडा छापायची पद्धत पडली, तर किती जणांची पंचाईत होईल, हे मी सांगायला नको!

एका जपानी कंपनीनं तर ही वाटेतली मतं खेळाच्या आतच आणून ठेवली. कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. २००९ चा 'डीमन्स सोल्स' आणि २०२२ चा 'एल्डन रिंग' हे त्यांचे खेळ अवघडपणाबद्दल प्रसिद्ध आहेत. त्यांत खेळाडूला जमिनीवर निरोप लिहून ठेवता येतो, आणि जगात दुसरीकडे कुठेतरी तोच खेळ खेळणाऱ्या अनोळखी माणसाला तो दिसतो. 'पुढे धोका आहे.' 'इथे उडी मार.' मनात येईल ते लिहिता येत नाही. ठरावीक शब्दांच्या यादीतूनच वाक्य जुळवावं लागतं. लोकांनी त्या तुटपुंज्या शब्दांतही विनोद केले, धीर दिला आणि थापाही मारल्या. गुप्त वाट म्हणून सांगावं आणि पुढे कडा निघावा! वाचणारा त्या निरोपाला चांगला किंवा वाईट ठरवू शकतो. 'एल्डन रिंग'मध्ये कुणी असा कौल दिला, की लिहिणारा त्या क्षणी जिथे असेल तिथे त्याची घटलेली प्राणशक्ती भरून येते. दाद मिळाली की जीवात जीव येतो, हे आम्ही कवी नुसतं म्हणत आलो. यांनी ते खेळाच्या नियमात बसवलं.

वाटेतल्या मतांनी खेळ सुधारतोही. इंग्लंडमधल्या 'हॅलो गेम्स' या छोट्या कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला. अवकाशात हिंडायचं, नवे ग्रह शोधायचे. ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्यं मांडावीत, त्याहूनही जास्त. पण दुसरा खेळाडू भेटू शकेल, अशी जी आशा आधीच्या मुलाखतींतून लागली होती, ती पहिल्याच दिवशी फोल ठरली. दोघे एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, तरी एकमेकांना दिसेनात. खेळणारे भडकले. त्यांच्या रागात शिवीगाळ होती, पण 'हे कबूल केलं होतं, ते इथे नाही' अशी नेमकी यादीही होती. कंपनी काही काळ मूग गिळून बसली आणि कामाला लागली. नोव्हेंबर २०१६ पासून एकेक फुकट सुधारणा येत गेली. जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांसोबत नीट खेळू लागले. त्या दुकानात ज्या खेळावर खाली केलेल्या अंगठ्यांचा खच पडला होता, त्याचा एकूण कौल २०२४ च्या अखेरीस 'अतिशय अनुकूल' झाला. आठ वर्षं लागली, पण शिव्या वगळून यादी वाचणारा कारागीर तिथं होता.

'कुठवर आलास?' या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे, 'कशावर खेळतोस?' पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी परीक्षकांना तो ताकदवान संगणकांवरच खेळायला दिला होता आणि त्यांची परीक्षणं बहुतांशी स्तुतीची होती. सामान्य गिऱ्हाइकानं तो आपल्या जुन्या प्लेस्टेशनवर लावला, तेव्हा चित्रं अडखळू लागली, खेळ मध्येच बंद पडू लागला. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तिथं परत आला. परीक्षक खोटं बोलले नव्हते. पण एका यंत्रावरचं मत सगळ्यांचं म्हणून विकलं गेलं होतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे एकही पाऊल न टाकता दिलेलं मत. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. तो पुरा व्हायला पंचवीसेक तास लागतात. पण पहिल्या काही तासांतच 'मेटाक्रिटिक' या गुण गोळा करणाऱ्या ठिकाणी शून्य गुणांचा पाऊस सुरू झाला. कथेचे तुकडे आधीच फुटले होते, त्यावरून लोकांनी मन बनवलं होतं. नायिकांविषयीची अढी हेही त्यातलं एक कारण. त्यानंतर जुलै २०२० मध्ये मेटाक्रिटिकनं नियम केला, की खेळ आल्यापासून ३६ तास कुणालाही गुण देता येणार नाहीत. म्हणजे, बाबांनो, आधी थोडं खेळा! त्याआधी २०१४ मध्ये तर 'गेमरगेट' या नावानं अमेरिकेत खेळ बनवणाऱ्या आणि खेळांवर लिहिणाऱ्या स्त्रियांना धमक्यांनी हैराण केलं गेलं. आजही कित्येक मुली खेळताना माइक बंद ठेवतात, टोपणनाव असं घेतात की मुलगी आहे हे कळू नये. माझी भाची त्यांतलीच एक.

खेळ न पाहता नाव पाहून बनलेलं मत कसं असतं, ते मला थोडं ठाऊक आहे. 'तुमचं मराठी फार छान आहे हो' ही दाद मी तीस वर्षं घेत आलो आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यानं कविता वाचलेली नसते, कवितेखालचं नाव वाचलेलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. 'आपलं' म्हणून केलेली स्तुतीही तितकीच पोकळ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये आणला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, देवदेवता, असुर, आपल्याकडचे वाडे आणि देवळं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. बाहेरच्या परीक्षकांनी चित्रांचं आणि वातावरणाचं मनापासून कौतुक केलं. लढाईत हात म्हणावा तसा वळत नाही, शेवट अचानक येतो, हेही सांगितलं. अशा वेळी अभिमानानं नुसती पाठ थोपटणं सोपं असतं. पण कारागिराला उपयोग होतो तो दुसऱ्या वाक्याचा.

आता घरातल्या मोठ्यांविषयी. आठवीतला मुलगा 'हा धडा मला खूप आवडला' एवढंच वाक्य गाइडमधून उतरवून काढतो. तोच मुलगा, खेळाचा तिसरा टप्पा का फसला, पहिल्या टप्प्यात ओघ कसा होता, कुठलं हत्यार दिल्यामुळे सगळी मजा गेली, हे दाखले देऊन सांगतो. याला समीक्षा नाही तर काय म्हणायचं? ती त्याला येते. आपण फक्त चुकीचा प्रश्न विचारतो. 'अजून किती वेळ खेळणार आहेस?' याला उत्तर एकच, 'पाचच मिनिटं!' त्याऐवजी कधीतरी विचारून पाहा, 'कुठवर आलास? कुठे अडलास? तुला स्वतःला तसं वाटतं, की कुणाचं ऐकून म्हणतोस?' हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खेळ बाजूला ठेवल्यावर हा मुलगा पुस्तकांविषयी, शेजाऱ्यांविषयी, पुढे मतदार म्हणून माणसांविषयी मतं बनवणार आहे. तिथेही न खेळता शून्य गुण देणारी झुंड त्याला भेटणारच आहे.

आणि हा नियम त्याला शिकवायचा, तर आपल्यालाही पाळावा लागेल. कुणी आपलं मत विचारलं, तर आधी खरं सांगावं, की आपण कुठवर आलो आहोत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)