पांडाचं पोट वाघाचं, ताट बांबूचं

चीनच्या सिचुआन, शान्शी आणि गान्सू प्रांतांतल्या डोंगरांत राहणारा पांडा अस्वलाच्या कुळातला. आतडं मांसाहाऱ्याचं, आखूड. खाणं मात्र जवळजवळ सगळं बांबूचं. त्यातला पाचवा हिस्साही धड पचत नाही. म्हणून स्वारी दिवसातले दहा-बारा तास चरत असते. बूड टेकून बसायचं, कांडं पंज्यात धरायचं, दातांनी हिरवी साल सोलून फेकायची आणि आतला गर कडाकडा चावायचा. पकडीला मनगटाचं वाढलेलं हाड अंगठ्यासारखं कामी येतं. वसंतात कोवळे कोंब, एरवी पानं नि खोडं. क्वचित उंदीर-घुशीही चालतात! बांबू फुलून वाळला की मात्र उपासमार. 1980च्या दशकात सिचुआनमध्ये हे संकट ओढवलं होतं.