हाताचे शिक्षण

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि शेतोशेती वेचणीची धांदल उडते. कमरेला ओटी बांधलेल्या स्त्रिया एकेक ओळ धरून पुढे सरकत असतात. त्यांतील निष्णात वेचणारीचे दोन्ही हात एकाच वेळी चालतात. कापूस तिच्या चिमटीत अलगद येतो. त्याला पानाचा कणही चिकटत नाही. शेजारच्या ओळीतील नवख्या वेचणारीची बोटे मात्र बोंडाच्या टोकदार टरफलांनी ओरबाडतात आणि तिच्या ओटीत कापसाबरोबर वाळल्या पानांचा चुराही जमतो. हात दोघींचेही सारखेच. मग हा फरक कशामुळे पडतो?

‘सरावामुळे’ असे उत्तर कोणीही देईल. ते खरे आहे. पण अपुरे आहे.

अमेरिकेतील ट्रोब्रिज व केसन या मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांचे डोळे बांधून त्यांना पुनःपुन्हा ३ इंच लांबीची रेघ ओढावयास सांगण्यात आले. काहींना आपली रेघ कशी आली हे मुळीच कळू दिले नाही. काहींना केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितले. काहींना मात्र रेघ नेमकी किती लांब वा किती आखूड झाली, तेही सांगितले. पहिल्या गटाने कितीही रेघा ओढल्या तरी त्याची प्रगती झाली नाही. दुसरा गट सुधारला आणि तिसरा सर्वांत अधिक सुधारला. आपल्या कृतीचे फळ कळल्यावाचून केलेला सराव हा अंधारात चालण्यासारखा असतो.

कपाशीच्या शेतात हे फळ अनेक मार्गांनी कळते. चिमूट चुकली की टरफल तत्काळ बोटाला टोचते. शेजारीण म्हणते, “बाई, कापूस टोकाशी धरू नकोस, बुडाशी धर.” ‘तुला वेचता येत नाही’ या बोलण्यापेक्षा हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे, कारण त्यात दोषाबरोबर उपायही आहे.

बक्षिसाचे कार्य निराळे असते. अपेक्षेहून चांगले फळ मिळाले की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ज्या हालचालीने ते फळ मिळाले ती दृढ होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिमटीचा दाब अचूक राखण्याचे कौशल्य शिकविण्यात आले. ज्यांना शिकताना बक्षीस मिळाले होते, त्यांच्या ठायी ते कौशल्य तीस दिवसांनंतरही इतरांपेक्षा चांगले टिकले.

परंतु बक्षीस ज्याला मिळते तेच हात शिकतो. वेचणीची मजुरी बहुधा वजनावर मिळते. तराजूला वजन कळते, स्वच्छता कळत नाही. म्हणून केवळ तराजूकडे पाहणारा हात चपळ होतो. पण निवडक होईलच असे नाही. बाजारात मात्र कचरा मिसळलेल्या कापसाचा भाव उतरतो. स्वच्छ वेचणीचेही कौतुक झाले, तरच दोन्ही गुण हाती येतात. शाळेतही तसेच आहे. भराभर लिहिण्याचीच वाहवा झाली तर अक्षर वळणदार कसे होणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक वेळी चूक दुसऱ्यानेच दाखविली, तर शिकणारा तिच्यावर विसंबून राहतो. विन्स्टीन व श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगात हाताची एक हालचाल शिकताना ज्यांना निम्म्याच वेळा फळ सांगितले होते, त्यांना ती पुढे अधिक चांगली आठवली. मधल्या वेळी त्यांना आपली चूक आपणच पारखावी लागली होती.

निष्णात वेचणारी बोंडाकडे क्वचितच निरखून पाहते. कधीकाळी टरफलाने, शेजारणीने आणि तराजूने जे सांगितले, ते आता तिची बोटेच तिला सांगतात. परीक्षक बाहेरून आत येऊन बसला, की हाताचे शिक्षण पुरे झाले असे समजावे.