सायकल, घर्षणचालित एंजिनाची

सायकल, घर्षणचालित एंजिनाची : छोटे पेट्रोल एंजिन जोडलेली आणि त्या एंजिनाच्या आसावरील रूळ टायरवर दाबला जाऊन चालणारी सायकल. रूळ व टायर यांमधील घर्षणामुळे चाक फिरते. साखळी, पट्टा किंवा दंतचक्रे यांच्याद्वारे शक्ती चाकाकडे नेणाऱ्या वाहनांहून ही सायकल या बाबतीत वेगळी आहे. एंजिनाचे घनमान बहुधा २५ ते ५० घ. सेंमी. असते व पेडलांनी सायकल चालविण्याची सोय कायम ठेवलेली असते. एंजिनाची सर्व शक्ती रूळ व टायर यांच्या लहानशा स्पर्शक्षेत्रातून जाते. या सायकलीचे बहुतेक गुण व दोष या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपल्यावर यूरोपात व जपानमध्ये मोटारगाड्या व इंधन यांची टंचाई होती, सायकली मात्र मोठ्या प्रमाणात वापरात होत्या. सायकलीलाच एंजिन जोडणे हा स्वस्त मार्ग ठरला. फ्रान्समध्ये सोलेक्स या कार्ब्युरेटर बनविणाऱ्या कंपनीचे मॉरिस गुदार व मार्सेल मेनेसाँ यांनी ‘व्हेलोसोलेक्स’ ही सायकल १९४६ मध्ये विक्रीस आणली. तिचे एंजिन हँडलापुढे असून रूळ पुढच्या चाकावर टेकत असे. प्रारंभी ४५ घ. सेंमी. असलेले एंजिनाचे घनमान पुढे ४९ घ. सेंमी. करण्यात आले. फ्रान्समधील तिचे उत्पादन १९८८ पर्यंत चालू होते. इटलीतील गारेली कंपनीच्या ३८ घ. सेंमी.च्या ‘मॉस्किटो’ एंजिनाची जागा पेडलांखाली होती व त्याचा रूळ मागच्या चाकाला लागे. ब्रिटनमधील ‘मिनी-मोटर’ हे एंजिन मागच्या चाकाच्या वर बसवीत.

जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्रांच्या जनित्रांची शिल्लक एंजिने सायकलींना जोडली. त्यांच्या आरंभीच्या नमुन्यात रूळ पुढच्या टायरवर दाबला जाई. परंतु टायर टिकत नसल्याने मागचे चाक पट्ट्याने फिरविण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. घर्षणचालनाची मर्यादा अशा रीतीने प्रारंभीच उघड झाली होती.

रचना व कार्य : एंजिन बहुधा दोन-धावी, हवेने थंड होणारे व एका सिलिंडराचे असते. वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. रूळ खाचा पाडलेल्या धातूचा किंवा कार्बोरंडमासारख्या खरखरीत पदार्थाचा करतात. एंजिन बिजागरीवर बसवून स्प्रिंगेच्या ताणाने टायरवर दाबलेले असते व तरफेने ते उचलता येते.

रुळाचा व्यास ३ सेंमी. व चाकाचा ६६ सेंमी. असल्यास रुळाच्या २२ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. वेग मोठ्या प्रमाणात कमी करण्याचे हे काम वेगळ्या दंतचक्रांवाचून साधते. रूळ घसरला नाही, तर सायकलीचा वेग चाकाच्या आकारावर अवलंबून नसतो. रुळाच्या प्रत्येक फेऱ्यात सायकल रुळाच्या परिघाइतकी, म्हणजे येथे सु. ९·४ सेंमी., पुढे जाते. मिनिटास ५,००० फेरे झाल्यास ताशी सु. २८ किमी. वेग मिळतो. म्हणून सपाट रस्त्यासाठी थोडा मोठा व चढासाठी लहान व्यासाचा रूळ सोयीचा असतो.

या वेगाने चाकापर्यंत ४०० वॉट शक्ती पोहोचत असल्यास टायरवर सु. ५१ न्यूटन प्रेरणा मिळते. घर्षण गुणांक ०·५ मानला, तर त्यासाठी रूळ सु. १०० न्यूटन दाबाने टेकला पाहिजे. टायर ओला झाल्यावर हा गुणांक ०·२ वर आला, तर सु. २५० न्यूटन दाब लागेल. दाब कमी पडल्यास रूळ जागच्या जागी घसरून टायर झिजवितो. फार वाढविल्यास टायर चेपला जाऊन शक्ती वाया जाते. पावसाळ्यात व चिखलाच्या रस्त्यावर हे वाहन अडते, ते यामुळेच.

चालविण्याची पद्धत : क्लच नसलेल्या प्रकारात रूळ वर उचलून सायकल प्रथम पेडलांनी चालवितात. पुरेसा वेग आल्यावर रूळ हळूहळू टायरवर टेकवितात. चाकामुळे एंजिन फिरून सुरू होते. थांबताना रूळ पुन्हा उचलावा लागतो, अन्यथा एंजिन बंद पडते. केंद्रोत्सारी क्लच असलेल्या प्रकारांत ही खटपट वाचते. एकूण वजन १०० किग्रॅ. असता विसास एक एवढ्या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सु. ४९ न्यूटन प्रेरणा लागते. वर दिलेल्या एंजिनाची जवळजवळ सर्व प्रेरणा त्यात खर्ची पडते व हवेच्या रोधासाठी काही उरत नाही. अशा वेळी पेडल मारणे आवश्यक असते. टायरमधील हवा योग्य दाबाची ठेवणे, रुळाची झीज तपासणे आणि रूळ व टायर स्वच्छ ठेवणे ही नित्याची निगा होय.

सुरक्षितता : एंजिन जोडल्याने सायकलीचा वेग वाढतो, तिचे ब्रेक, आरे व सांगाडा मात्र पूर्वीचेच राहतात. १०० किग्रॅ. एकूण वजनाच्या सायकलीची गतिज ऊर्जा ताशी १५ किमी. वेगाला सु. ८७० जूल, तर ३० किमी. वेगाला सु. ३,४७० जूल असते. वेग दुप्पट झाल्यावर ब्रेकांना चौपट ऊर्जा शोषावी लागते व तेवढ्याच ब्रेकप्रेरणेने थांबण्याचे अंतरही चौपट होते. ओल्या पोलादी रिमवर रबरी गुटक्यांची पकड फारच कमी होते. एंजिन पुढच्या चाकावर असेल, तर हँडल जड होते. मागे असेल, तर मागच्या आऱ्यांवर जादा भार येतो. म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक उत्तम असल्याखेरीज एंजिन जोडणे धोक्याचे ठरते.

कायदा व आजचे स्थान : भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार, चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाच्या एंजिनाचे घनमान २५ घ. सेंमी.पेक्षा जास्त नसेल, तर ते मोटार वाहन गणले जात नाही. त्याहून मोठ्या एंजिनाच्या सायकलीला नोंदणी, चालक परवाना व विमा यांचे नियम लागू होतात. घनमानाची ही मर्यादा कायद्यापुरती आहे. ब्रेकांविषयीची सावधगिरी तिच्यामुळे कमी होत नाही.

मोपेड सुलभ झाल्यावर जोड-एंजिनांची मागणी घटली. महाराष्ट्रात १९७२ मध्ये बाजारात आलेल्या ‘लूना’ या पेडल असलेल्या गाडीत टायरवर दाबणारा रूळ नव्हता; तिचा सांगाडा व ब्रेक एंजिनाचा विचार करूनच आखलेले होते. या दोन वाहनांमधील खरा फरक येथेच आहे. विजेच्या सायकलींच्या प्रसारानंतर पेट्रोलवरील घर्षणचालित एंजिन मुख्यत्वे हौशी मंडळींपुरते उरले. विद्युत् चलित्राने फिरणारे काही जोडसंच मात्र टायरवर रूळ दाबण्याच्या या जुन्याच तत्त्वावर चालतात. टायर ओला होणे व झिजणे या अडचणी त्यांनाही चुकलेल्या नाहीत.