खाणवाल्याची अनामत जप्त झाली, पण खड्ड्याचं काय?



बंद खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलंय, तिथे मासे सोडायला इजारा मिळेल का, असं मांगरोळ-मांडवीकडच्या ओळखीच्या लोकांमार्फत बरेच जण विचारतात. झारखंडात रामगड जिल्ह्यात बंद कोळसा खाणींच्या पाण्यात पिंजरे लावून मासे पाळतात, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पण इजाऱ्याच्या आधी दुसरी गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. तो खड्डा ठीकठाक करायची जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठी कोणाचे पैसे कुठे अडकलेत?

आपण तळं इजाऱ्याने घेतो तेव्हा अनामत भरतो. अटी मोडल्या की ती जाते. खाणवाल्यांचंही तसंच आहे, फक्त ते बहुतेक वेळा रोख न देता बँक गॅरंटी देतात. चुनखडी, बॉक्साइट, लोहखनिज अशा मोठ्या खनिजांसाठी २००३ पासून ही अट आहे. तेव्हा मोठ्या यंत्रांच्या 'अ' वर्ग खाणीला हेक्टरी २५ हजार आणि 'ब' वर्गाला १५ हजार असा दर होता. २०१७ च्या नियमांत तो ३ लाख आणि २ लाख झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ लाख आणि ३ लाख केला. त्याच दुरुस्तीत एक कलम नवीन आलं: खाण कायमची बंद करण्याचा अंतिम आराखडा मुदतीत दिला नाही, तर तेवढ्यावरही अनामत जप्त करता येते. हा आराखडा बंद करण्याच्या दोन वर्षं आधी द्यायचा असतो.

जप्तीची पद्धत अशी. खाणवाला कबूल केलेली कामं करत नाही, किंवा करणार नाही असं दिसलं, की भारतीय खाण ब्युरोचा अधिकारी किमान ३० दिवसांची नोटीस देतो. उत्तर पटलं नाही तर जप्तीचा हुकूम काढतो आणि त्याची प्रत राज्य सरकारला पाठवतो. पुढे बँकेकडून पैसे वसूल करणं, आणि त्या पैशातून जमीन सुधारून घेणं किंवा त्यासाठी एजन्सी नेमणं, हे राज्याने करायचं. म्हणजे हुकूम एका ऑफिसचा आणि वसुली दुसऱ्याची. त्यात बँक गॅरंटीला तारीख असते. चेक तीन महिन्यांनी जसा शिळा होतो तशी गॅरंटीही मुदत संपली की कागद होते. ती वेळेवर वाढवून घेतली की नाही, यावर सगळं अवलंबून.

आता रकमेचा हिशोब करू. एक हेक्टरचा खड्डा, सरळ भिंतींचा, ३० मीटर खोल धरा. तो होतो ३ लाख घनमीटर. अनामत ५ लाख. म्हणजे घनमीटरला १ रुपया ६७ पैसे. दहा घनमीटरच्या डंपरमागे सतरा रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात डंपर चालू करून तरी होईल का? दर हेक्टरवर ठरतो, खोलीवर नाही, तिथेच खरी गोम आहे. प्रत्येक खड्डा पूर्ण बुजवायचा असतो असं नाही हे खरं. आराखड्यात जलाशय ठेवायला मान्यता असू शकते. पण मग काठ उतरते करणं, कुंपण, वरची माती पसरणं, झाडं लावणं ही कामं राहतातच. अमेरिकेत १९७७ च्या कोळसा खाण कायद्यात उलट विचार आहे: खाणवाला पळाला तर सरकारला तेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायला किती खर्च येईल, त्या अंदाजाने जामीन ठरतो. तरी तिथेही घोळ झालाच. २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात शंभरावर परवाने असलेली एक कंपनी बसली, तेव्हा सरकारी खात्यानेच कोर्टात सांगितलं की सगळे परवाने एकदम जप्त केले तर आमचा जमीन-सुधार फंड बुडेल.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तिथल्या ८८ खाणींचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चपर्यंतच काम करायला दिलं. मुदत मिळाली ३६ दिवस. दोन वर्षं आधी आराखडा द्यायचा नियम अशा वेळी काय कामाचा? डिचोली, सत्तरी, सांगे भागात मोठमोठे खड्डे तसेच राहिले, पावसाळ्यात भरतात. मे २०२२ मध्ये सरकारने खाणवाल्यांना जागा सोडायला सांगितलं. यंत्रं हलवता येतात, खड्डा आणि मातीचे ढिगारे तिथेच राहतात. ढिगाऱ्याची माती पावसात ओढ्यात उतरते, तिथून नदीत. मासेमारी करणाऱ्याला ते काय असतं हे वेगळं सांगायला नको.

सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या खाणी लिग्नाइटच्या, त्यांना वरचा नियम लागत नाही. कोळसा आणि लिग्नाइटसाठी कोळसा मंत्रालयाची वेगळी पद्धत आहे. २००९ मध्ये उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख असा दर ठरला, महागाईप्रमाणे वाढणारा. ते पैसे दरवर्षी एस्क्रो खात्यात भरायचे, आणि काम झालेलं दिसलं तरच त्यातले परत मिळायचे. मला ही पद्धत बरी वाटते, कारण पैसे खरोखर खात्यात असतात. दगड, रेती, मुरूम यांच्या क्वारी मात्र राज्याच्या नियमात येतात.

शिवाय ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवेल, जनावरं चरतील अशी जमीन करून द्यायची, खर्च खाणवाल्याचा.

म्हणून कुठल्याही खड्ड्यात बीज टाकायच्या आधी माहिती अधिकारात अर्ज करा. लीजची मुदत कधी संपली, बंद करण्याच्या मंजूर आराखड्यात त्या खड्ड्याचं काय ठरलंय, बँक गॅरंटी किती रकमेची आणि कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, जप्तीची नोटीस निघाली का, एवढंच विचारा. लिग्नाइटची खाण असेल तर गॅरंटीऐवजी एस्क्रो खात्यात किती जमा आहे ते विचारा, आणि पाण्याची आम्लता तपासून घ्या, लिग्नाइटच्या खड्ड्यातलं पाणी आंबट निघू शकतं. क्वारीसाठी जिल्ह्याचं भूस्तर-खनिज ऑफिस, राज्याची फी २० रुपये. मोठ्या खनिजांसाठी खाण ब्युरोचं गांधीनगर ऑफिस, तिथे १० रुपये. राज्याच्या ऑफिसला अर्ज गुजरातीत द्या, नमुना संस्थेच्या ऑफिसात ठेवलाय.

– सचिव