अंगणात बनवा एमडीएफची किचन शटर: एका शीटमधून ६ निघतात की ८?

व्हिडिओत आपण कटर आणि राउटर कसा चालवायचा ते पाहिलं. पण मशीन चालवता येणं वेगळं आणि त्यातून घर चालवता येणं वेगळं. म्हणून इथे हिशोबाचा भाग लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवू. आपल्या खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे हो, आपलं साताऱ्याचं) शिरवळ, लोणंद, गावठाण, कुठेही जा. बहुतेक स्वयंपाकघरांत कडप्प्याचा ओटा आधीच आहे. खाली कडप्प्याचे खण आणि पुढे पडदा. या घरांना अख्खं मॉड्युलर किचन नको असतं, परवडतही नाही. त्यांना त्या खणांना चांगली शटर हवी असतात. शटर म्हणजे सपाट तुकडा, चार कडा आणि दोन बिजागऱ्या. एवढं काम अंगणात होतं. अख्खं किचन करायला जाऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

कडप्पा कधीच काटकोनात नसतो. खणाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा. माप मि.मी.मध्येच घ्या. सुतारकामात इंच-सूत चालतं, पण ऑटो बिजागरीला दोन मि.मी.चा फरकही जाणवतो. बिजागरीचा स्क्रू कडप्प्यात बसत नाही, त्यामुळे खणाला आधी प्लायच्या पट्टीची चौकट करावी लागते. शटरचं माप या चौकटीवरून काढायचं. समजा चौकटीचं बाहेरचं माप ४५० बाय ७२० आलं. चारी बाजूंनी दीड-दीड मि.मी. सोडायचं, म्हणजे शटर झालं ४४७ बाय ७१७.

आता खरी गंमत. एमडीएफची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मि.मी. वाहतुकीत कडा दबतात, म्हणून चारी बाजूंनी १० मि.मी. छाटून टाका. हातात राहिली २४२० बाय १२००. करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मि.मी. खातं, तेही धरा.

नवखा माणूस काय करतो? सगळी शटर उभी मांडतो. रुंदीत ४४७ चे दोन तुकडे, लांबीत ७१७ चे तीन. झाली ६ शटर. बाजूला तीनशे मि.मी.ची लांब पट्टी उरते, ती भिंतीला टेकवून ठेवतो आणि ती तिथेच राहते.

आता असं करा. शीट लांबीत फाडून एक पट्टी ७१७ ची आणि दुसरी ४४७ ची काढा. दोन्ही मिळून पात्यासकट ११६७ होतात, म्हणजे बसतात. ७१७ च्या पट्टीतून ४४७ चे पाच तुकडे निघतात आणि ४४७ च्या पट्टीतून ७१७ चे तीन. एकूण ८! हे जमतं कारण एमडीएफला लाकडासारखा रेषा-दाणा नसतो. रंग मारल्यावर कुठला तुकडा आडवा कापला होता ते कुणालाच कळत नाही. व्हिनिअर लावलेल्या प्लायमध्ये ही सोय नाही.

समजा शीट भाड्यासकट तुम्हाला २,४०० रुपयांना पडली (तुमचा भाव तुम्ही घाला). पहिल्या पद्धतीत एका शटरचा माल ४०० रुपये, दुसऱ्या पद्धतीत ३००. अशी १६ शटर करायची तर एकदा ३ शीट लागतात, एकदा २ च. गिऱ्हाईक दोन्ही वेळा तेवढेच पैसे देणार आहे. शीट ३२ चौरस फुटांची असली तरी ८ शटरचं क्षेत्रफळ साधारण साडेसत्तावीस भरतं. स्क्वेअर फुटाचा दर काढताना साडेसत्तावीसने भागा, ३२ ने नाही. इथे बरेच जण फसतात.

चौकटी वेगवेगळ्या मापांच्या असतील तर आणखी मजा. ४४७ ची दोन आणि २९७ चं एक शेजारी मांडलं तर पात्यासकट ११९७ होतात, म्हणजे शीट जवळपास पूर्ण वापरली गेली. त्यामुळे एक ऑर्डर आली की लगेच शीट आणू नका. दोन-तीन घरांची मापं एका कागदावर मांडून बघा. शीट पुण्याच्या टिंबर मार्केटमधून आणत असाल तर मोठ्या पॅनल सॉवर मुख्य काप तिथेच मारून घ्या. १८ मि.मी.ची शीट चाळीस किलोच्या आसपास असते. ती एकट्याने उचलून हातकटरने सरळ कापणं सोपं नाही.

यानंतरचं निम्मं काम कडांचं. एमडीएफचा वरचा पापुद्रा घट्ट असतो, आतला गाभा मऊ. कापलेली कड रंग टिपकागदासारखी पिते. १८० आणि मग २४० च्या पॉलिश पेपरने घासा, पीयू सीलरचा हात द्या, वाळल्यावर ३२० ने हलकं घासा, पुन्हा सीलर. पाण्यातला प्रायमर उघड्या कडेवर थेट मारलात तर तंतू फुगतात. राउटरने नक्षी काढली असेल तर त्या खोबणीत एक हात जास्त. आणि मागची बाजू विसरू नका! पुढे चार हात आणि मागे शून्य असं केलं की शटर पावसाळ्यात वाकतं.

बिजागरीला ३५ मि.मी.चं भोक, खोली साडेबारा-तेरा, मध्यबिंदू कडेपासून २२ मि.मी. वरून-खालून साधारण १०० मि.मी.वर एकेक. स्क्रूला आधी बारीक ड्रिल मारा. कडेतून स्क्रू मारू नका, थर उकलतात.

सिंकखाली एमडीएफ देऊ नका. गिऱ्हाईक हट्ट करेल, तरी नको. तिथे पीव्हीसी बोर्ड किंवा अ‍ॅल्युमिनियम सांगा. एचडीएचएमआर बोर्ड ओलावा जास्त सोसतो, पण तोही पाण्यात बुडवायचा माल नाही. लोणंदच्या कोरड्या हवेत टिकणारं शटर महाबळेश्वरच्या बंगल्यात टिकेलच असं नाही. तिथे वर्षाला पाच हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो. तिकडची ऑर्डर आली तर बोर्ड बदला आणि दरही बदला.

भांडवलाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. स्वतः हाताने सुतारकाम करणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज. वडिलांचा सुतारकीचा धंदा असेल तर घरात आधी विचारा, कारण लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो.

शेवटचं, आणि हे घरातल्यांसाठी. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि चिकटवायच्या रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. एन-९५ मास्क लावा, कापणं बाहेर करा, पोरं जवळ नकोत. उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नका. त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. पोतं भरून बाजूला ठेवा, आणि वीतभर रुंदीच्या पट्ट्या त्यातून आधी वेगळ्या काढा. पुढच्या घरात ड्रॉवरची तोंडं त्यातूनच निघतील.