कडेवरच्या भावंडासह शाळेत

शाळांचा इतिहास सरकारी दप्तरांतून लिहावयाचा म्हटले तर तो इमारती, अनुदाने, हजेरी आणि निकाल यांचाच इतिहास होतो. कारण मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याने जे जे मोजले तेवढेच कागदावर उतरले, आणि उंबरठ्याशी आईचा पदर घट्ट धरून उभ्या राहिलेल्या मुलाच्या पोटात उठणारा भीतीचा गोळा टिपून ठेवण्याची तजवीज कोणत्याही हजेरीपटात नव्हती. तपासणीला दिपोटीसाहेब यायचे म्हणून आदल्या दिवशी शाळा सारवून घ्यावी, हुशार पोरांना पुढे आणि मठ्ठ ठरवलेल्यांना भिंतीकडेला बसवावे, आणि साहेबांची स्वारी गावाबाहेर पडली की गुरुजींसकट सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्यांनी या भीतीलाच शिक्षणातील पहिला दोष मानले आणि तो दूर करण्यात आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचा मागोवा घ्यावा असे फार दिवस मनात होते.

या प्रवाहाचा उगम काठेवाडातला. वढवाणला वकिली करणारे गिजुभाई बधेका स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाहता वाहता मारिया माँटेसोरीबाईंच्या बालशिक्षणविषयक विचारांपर्यंत पोचले, १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले, आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. गुजरातेने त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशा असलेली आई म्हटले, ते उगीच नव्हे. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीच्या वर्गात जातो, शांततेचा खेळ मांडतो, आणि त्या शांततेऐवजी पोरांनी केलेल्या गोंगाटाने हताश होऊन पहिल्याच दिवशी वर्ग बरखास्त करतो; दुसऱ्या दिवशी मात्र तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच पोरे त्याच्याभोवती गोळा होतात. आपला बेत फसला ही पोरांची अवज्ञा नव्हे, आपण त्यांच्या मनाचा ठाव न घेता शाळेत शिरलो हे त्याचे कारण, असे ज्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी उमगते त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवावे.

त्याच दशकात खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, आणि छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरावी, खोल्या झाडाव्या, कंदील पुसून ठेवावे, ही कामे न बोलता उरकत होते. त्यांनी बालशिक्षणाचे शास्त्र मांडले नाही. घर सोडून आलेल्या मुलाला सर्वांत आधी काय हवे असते, हे मात्र त्यांच्याइतके थोड्यांनीच ओळखले असेल.

ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातील मुख्याधिकाराची जागा सोडून १९२३ साली भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. प्रतिष्ठेची आणि पगाराची जागा टाकून बालवर्गात बसावयास जाणे हे तेव्हाच्या सुशिक्षित समाजाला वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, शिक्षणपत्रिका चालली, १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. या साऱ्याचे वर्णन इतरत्र पुष्कळ झाले असल्याने येथे लांबवीत नाही. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शहरातील यशाने ताराबाईंचे समाधान झाले नाही. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मापाच्या दंडगोलांच्या पेट्या, खास बनवलेली लहान मेजे हे सारे ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांना प्रेमाने शिकण्याचा हक्क असावा काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत अनुताई वाघ होत्या. मोरगावच्या, बालवयातच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केलेल्या या बाई एकदा ताराबाईंच्या कामात आल्या त्या अखेरपर्यंत त्याच वाटेवर राहिल्या. बोर्डीची मुख्य बालवाडी नीटस चालली. पण त्या काळी हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिकडे फिरकत ना. दुसऱ्या एखाद्या संस्थेने ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा मारून अहवाल पुरा केला असता. ताराबाईंनी दोष आपल्या पदरी घेतला. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणापर्यंत जावे, इतका साधा तो निर्णय. आणि त्याच निर्णयातून ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला.

अंगणवाडीत अक्षरे फार उशिरा येत. आधी पाणी येई. मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावे, नखे काढावी, मग गाणे म्हणावे, आणि मांडण्याचे, मोजण्याचे, निवडण्याचे खेळ खेळावे ते चिंचोके, शिंपले, पाने, काड्या असल्या भोवतालच्या वस्तूंनी. ज्या मुलाला गावाने आजवर दुरूनच हाक मारली, त्याच्या डोक्यावर शिकलेल्या बाईने कोमट पाण्याचा तांब्या ओतावा आणि गुंता न ओढता हलक्या हाताने सोडवावा, यातून त्या मुलाच्या मनात स्वतःविषयी जे काही रुजले असेल ते मूल्यशिक्षणाच्या शंभर तासांनी रुजणार नाही, असे माझे ठाम मत आहे. भावनिक विकास हा वेळापत्रकातला विषय ताराबाईंनी कधी केला नाही. तो स्पर्शातून, आवाजातून आणि थांबण्याच्या तयारीतून व्हावयाचा असतो हे त्या जाणून होत्या.

येथे आणखी एक स्मरण करणे अवश्य आहे. ज्या वर्षी बोर्डीत हे केंद्र निघाले त्याच वर्षी त्याच मुलखात, डहाणू-उंबरगाव तालुक्यांत, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. दोन्ही वाटा वेगळ्या, दोहोंची भाषाही वेगळी. परंतु जमीनदाराच्या दारी बापाने ताठ उभे राहणे आणि बाईंच्या पुढ्यात लेकराने न बिचकता बोलणे, या दोन गोष्टी मला तरी परस्परांपासून तोडता येत नाहीत.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे या विचाराची खरी कसोटी लागली. वारली पाड्यावरची सातआठ वर्षांची मुलगी शाळेच्या दाराशी येते. तिच्या कडेवर वर्षाचे भावंड, आईबाप गवत कापण्यास गेलेले. नियमाप्रमाणे तिला दोनच मार्ग: भावंड घरी टाकून यावे, नाही तर आपणच घरी राहावे. ताराबाई-अनुताईंनी तिसरा मार्ग काढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून त्यांनी विकासवाडी उभारली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात, थोरली पाटीवर, आणि मधूनच उठून पाळण्यात डोकावून येण्याची तिला मुभा. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. गुरे चरताहेत, पोरे शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. मुलीच्या कडेवरचे ओझे ही शिक्षणातली अडचण न मानता तिच्या मायेचा पुरावा मानणारी शाळा मी दुसरीकडे फारशी ऐकलेली नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडला खपत राहिल्या. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली, आणि मुलाला शिक्षा नको या गिजुभाईंनी त्याआधी नऊ दशके धरलेल्या आग्रहाला कायद्याचे बळ आले.

तरीही मन निःशंक होत नाही. सरकारी योजनेत सहा सेवा आहेत. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या रांगेत शालापूर्व शिक्षण ही एक. तांदूळ-डाळीचा हिशेब, वजनाचे तक्ते, सतत वाढणाऱ्या नोंदवह्या हे सारे तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या एकटीच्या माथी मारल्यावर मुलाला मांडीवर घ्यायला तिने वेळ कोठून आणावा? बोर्डीत जे घडले ते त्या दोघी बायांना मुलापाशी बसण्याची फुरसत होती म्हणून घडले. ती फुरसत आज सेविकेला मिळवून देणे ही सरकारची जशी जबाबदारी, तशी ती गावाचीही आहे.

वाचकहो, आपल्या गल्लीत, वाडीत वा पाड्यावर अंगणवाडी असेलच. एखाद्या सकाळी तेथे जा. पटावर किती नावे आहेत हे विचारू नका, सेविकाबाईंना घटकाभर नोंदवहीतून मोकळे करता येते का ते पाहा, आणि कोणी पोर धाकट्याला कडेवर घेऊन दाराशी उभी असेल तर तिला आत बसायला जागा करून द्या.